जुन्या सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरला हात लावण्याआधी

फडक्यात गुंडाळलेलं रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवून माणूस पहिलं वाक्य काय बोलतो, त्यावरून मला निम्मं कळतं. "काका, आधी जरा चकाचक करून द्या, मग किंमत सांगा," असं कुणी म्हटलं की मी त्याला पाणी देतो आणि फडकं परत गुंडाळून ठेवतो.

नांदेडच्या एका परवानाधारक शस्त्रविक्रेत्याच्या दुकानात मागच्या खोलीत मी एकतीस वर्षं मिस्त्री म्हणून बसलो. पुढे काउंटरवर मालक, काडतुसांची नोंदवही आणि परवान्यांची चळत. मागे मी, व्हाइस, कानशी आणि रॉकेलची थाळी. आता काम सोडलंय, पण लोक विचारायला येतात. कुणाला आजोबांचं विकायचं असतं, कुणाला दुसऱ्याच्या आजोबांचं घ्यायचं असतं. दोघांनाही मी एकच सांगतो. जुन्या हत्याराची किंमत दोन ठिकाणी लिहिलेली असते, कागदावर आणि लोखंडावर. कागद नसेल तर लोखंड बघूसुद्धा नका. आणि लोखंडावरचं पुसलं गेलं असेल, तर उरतं ते नुसतं वजन.

हे मी शिकलो तो प्रसंग आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच येतं.

१९८८ चा दसरा जवळ आला होता. कंधारकडच्या एका वाड्यातले पाटील कोल्ट या अमेरिकन कंपनीचं रिव्हॉल्व्हर घेऊन आले. "शस्त्रपूजेला पाटावर मांडायचंय, चमकलं पाहिजे," एवढीच मागणी. आमचे उस्ताद मूळचे हैदराबादचे, भाचीच्या लग्नाला तिकडे गेले होते, चार दिवस नव्हते. मला वाटलं, आपणच करून दाखवू. पॉलिश पेपर मारला, मग कापडी चाकावर हिरवा मसाला लावून बफ केलं. करडा, डागाळलेला सांगाडा तासाभरात आरशासारखा झाला. नळीला आणि चकरीला नवं ब्ल्यूइंग, म्हणजे लोखंडावरचा निळा-काळा रंग, दिलं. (सिलिंडरला आम्ही दुकानात चकरीच म्हणायचो, इथेही तसंच लिहितो.) मी स्वतःवर बेहद्द खूश.

उस्ताद आले. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं, नळीच्या वरच्या बाजूवरून नख फिरवलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "क्या रे, सौ साल पुरानी थी, तूने कल की बना दिया." नळीवर कारखान्याचं नाव होतं, हार्टफर्ड, कनेक्टिकट. त्याच्यापुढे 'डेपो १४ पाल माल लंडन' अशी अक्षरं होती. कोल्ट कंपनीची लंडनची वखार त्या पत्त्यावर होती. म्हणजे हे हत्यार अमेरिकेत घडलं, लंडनला उतरलं आणि तिथून इकडे आलं, हा सगळा प्रवास त्या एका ओळीत होता. मी ठेवलं होतं ते 'माल'च्या इंग्रजी अक्षरांतलं 'ऑल' आणि अर्धं 'लंडन'. पाटील दुसऱ्या दिवशी आले, चमक बघून खूश झाले, मला पन्नास रुपये बक्षीस दिलं. ते मी घेतलं. उस्ताद खाली मान घालून कानस पुसत होते.

आता मुद्द्याचं.

आधी हे ओळखा की हातातलं सिंगल ॲक्शन आहे का. आपल्याकडे सहा गोळ्यांचं, जुनं, विलायती दिसलं की लोक काहीही म्हणतात. सिंगल ॲक्शन म्हणजे घोडा (मागची हातोडी) अंगठ्याने मागे ओढल्याशिवाय चाप काहीच काम करत नाही. नुसता चाप ओढून घोडा मागे जाऊन पुढे पडत असेल, तर ते डबल ॲक्शन. मराठवाड्यातल्या वाड्यांमधून निघणारी बहुतेक रिव्हॉल्व्हरं वेबली असतात, बर्मिंगहॅमची, मधोमध मोडणारी, आणि ती डबल ॲक्शन. तीही चांगली, पण त्यांचा बाजार वेगळा.

सिंगल ॲक्शनमधलं सगळ्यात नावाजलेलं म्हणजे कोल्टचं १८७३ चं सिंगल ॲक्शन आर्मी. त्याचा सांगाडा अखंड असतो, मोडत नाही. उजव्या हाताला एक छोटं दार असतं, त्यातून काडतूस एकेक करून भरायचं, आणि नळीखालच्या दांड्याने रिकामं कवच एकेक करून ढकलून काढायचं. स्मिथ अँड वेसनचं १८७० चं नंबर तीन हेही सिंगल ॲक्शनच, पण ते वरून मोडतं आणि सगळी कवचं एका झटक्यात बाहेर फेकतं. रेमिंग्टननेही १८७५ चं मॉडेल काढलं होतं. मी पुढे जे सांगतोय ते मुख्यतः कोल्टबद्दल, कारण फसवणूकही त्याच्यातच जास्त.

पण थांबा, कागद.

अमेरिकेतले व्हिडिओ बघून पोरं येतात आणि म्हणतात, "काका, १८९९ च्या आधीचं आहे, म्हणजे अँटिक, याला परवाना लागत नाही." तो कायदा अमेरिकेचा. आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ आहे आणि त्यात अशी सालाची रेघ नाही. कलम ४५ मध्ये सूट आहे ती जुन्या धाटणीच्या, पुरातन मोलाच्या किंवा नादुरुस्त हत्याराला, आणि तीही ते दुरुस्त करूनही बंदूक म्हणून चालणार नसेल तरच. १८८० चं कोल्ट, ज्याची एक स्प्रिंग बदलली की घोडा पडतो, ते कायद्याने अग्निशस्त्रच. आणि ते चालण्यासारखं आहे की नाही हे तुम्ही किंवा मी ठरवायचं नाही, जिल्हाधिकारी कार्यालयातून लेखी घ्यायचं.

माळ्यावर, कणगीत, देव्हाऱ्यामागे काही सापडलं आणि घरात कुणाच्याच नावावर परवाना नसेल, तर ते घेऊन माझ्यासारख्याकडे येऊ नका. वकिलाला विचारा आणि पोलीस ठाण्यात जमा करून पावती घ्या. परवानाधारक वारला असेल तरी तेच. शस्त्र आधी ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा, मग वारसांपैकी एकाने बाकीच्यांची संमती जोडून स्वतःच्या नावाने अर्ज करायचा. आजोबा हयात असतील तर ते असतानाच काम उरकून घ्या. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा शस्त्र बाळगून २५ वर्षं झाली, की हयातीतच वारसाला देता येतं. हे बऱ्याच घरांत माहीत नसतं आणि मग भाऊबंदकीत हत्यार ठाण्यात वर्षानुवर्षं पडून राहतं.

घेणाऱ्याने परवान्यावर तीन गोष्टी बघायच्या. नंबर, बोअर (नळीच्या भोकाचं, म्हणजे काडतुसाचं माप) आणि मुदत. परवान्यावरचा नंबर आणि लोखंडावरचा नंबर आकडा न् आकडा जुळला पाहिजे. जुन्या परवान्यांवर कारकुनाने ३ चा ८ केलेला मी पाहिलाय आणि त्यापायी व्यवहार दीड वर्ष अडकलेला पण पाहिलाय. बोअर तर फारच महत्त्वाचा. लष्करी काडतुसांचे काही बोअर निषिद्ध वर्गात येतात, त्यांचा परवाना जिल्ह्यातून मिळतच नाही, केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जावं लागतं. म्हणून घेणाऱ्याने आधी आपल्या परवान्यात तो बोअर बसतो का, हे शस्त्र शाखेत विचारून यावं, मग इसार द्यावा. खाजगी विक्री असेल तर विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांना आणि ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबायचं असतं. घाई करणाऱ्या गिऱ्हाइकापासून लांब राहा.

कागदाची दुसरी बाजू मात्र फार गोड आहे. आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तेव्हाचे परवाने उर्दूत, आणि साल फसली. असा पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला कागद पेटीत असेल तर तो रद्दीत टाकू नका. फसली सालात ५९० मिळवले की इसवी सनाचा अंदाज येतो. १३४० फसली म्हणजे १९३० च्या आसपास. गावात उर्दू वाचणारं कुणी ना कुणी असतंच, त्यांच्याकडून वाचून घ्या आणि नंबर जुळतो का बघा. जुळला, तर तुमच्या हत्याराला जन्मदाखला नाही तरी शाळेचा दाखला मिळाला म्हणायचा. गोष्टी मात्र मोजू नका. माझ्याकडे आलेल्या दर दुसऱ्या हत्याराने रझाकारांना पळवून लावलेलं असतं. असेलही. पण कागदाशिवाय गोष्टीचा भाव शून्य. याचं टोकाचं उदाहरण अमेरिकेतलं. शेरीफ पॅट गॅरेटने ज्या कोल्टने १८८१ मध्ये बिली द किडला गोळी घातली, ते २०२१ च्या लिलावात ६० लाख डॉलरच्या वर गेलं. लोखंड म्हणून ते साधं कोल्ट होतं. त्याची मालकी कुणाकडून कुणाकडे गेली, याची सलग साखळी कागदावर होती.

हत्यार हातात घेताना

परवानाधारक स्वतः हजर असेल तरच, आणि ते रिकामं आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्यावरच. "रिकामंच आहे" यावर मी सख्ख्या भावाचाही विश्वास धरला नसता. नळी भिंतीकडे, बोट चापाच्या बाहेर. घोडा दोन टिकटिकींपर्यंत मागे घ्या, तो अर्ध्यावर थांबतो आणि चकरी मोकळी होते. उजवीकडचं दार उघडा आणि सहाही भोकं एकेक करून फिरवून बघा. भोकातून उजेड दिसला पाहिजे. नुसती काडतुसाची कड दिसत नाही म्हणून सोडू नका, जुन्या तेलाच्या थरात कड बुजते.

दुसरी गोष्ट कानाने करायची. कोल्टचा घोडा सावकाश पूर्ण मागे घेतला की चार आवाज येतात. पहिला सुरक्षेच्या खाचेचा, दुसरा अर्ध्या घोड्याचा, तिसरा चकरीला कुलूप लागण्याचा, चौथा पूर्ण घोडा चढल्याचा. इंग्रजीत कोल्टच्या नावाची अक्षरंही चारच, म्हणून तिकडचे लोक म्हणतात की हत्यार स्वतःचं नाव सांगतं. उस्तादांना ते अजिबात आवडायचं नाही. ते म्हणायचे, "नाम नहीं बोलता, बीमारी बोलता." खरंच आहे. एक आवाज कमी आला तर आतली खाच तुटलेली. तिसरा आवाज उशिरा आला, म्हणजे घोडा चढून गेल्यावर चकरी बसली, तर आतला पंजा झिजलेला. घोडा चढवून चकरी बोटांनी हलवून बघा, किंचित हलली तर चालतं, खुळखुळली तर नाही. घोडा चढलेला असताना चाप न ओढता अंगठ्याने घोड्याला मागून हलका रेटा द्या. तो पडला, तर ते रिव्हॉल्व्हर फक्त काचेच्या पेटीत ठेवण्याजोगं आहे. रिकाम्या घोड्याचा खटका मात्र उगाच पाडत बसू नका, शंभर-सव्वाशे वर्षांची पट्टीची स्प्रिंग तशी तुटते, आणि ती कुणी बाजारातून आणून देणार नाही.

चकरीभोवती एक गोल रेघ उमटलेली दिसेल. घोडा अर्ध्यावरूनच खाली सोडायच्या सवयीने ती पडते. वाड्यातल्या मुलांनी खेळल्याची खूण. त्याने किंमत थोडी कमी होते, घाबरायचं कारण नाही.

आता नंबर. हा भाग सावकाश करा, चहा थंड झाला तरी. सांगाड्याच्या खाली, चापाच्या कड्याच्या पट्टीवर आणि मुठीच्या मागच्या पट्टीच्या बुडाशी, अशा तीन ठिकाणी तोच नंबर पाहिजे. अगदी सुरुवातीच्या नगांवर नळीवर आणि चकरीवरही असतो. तिन्ही जुळले तर ते एका घरचं. दोन जुळून एक वेगळा असेल, तर कुणीतरी दोन मोडक्यांचं एक केलंय. लाकडी मूठ काढली तर कधी आतल्या बाजूला शाईने तोच नंबर लिहिलेला सापडतो, तो सापडला की मला दिवसभर बरं वाटायचं.

नंबरवरून वय काढता येतं. पहिल्या पिढीची कोल्टं १८७३ पासून दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडापर्यंत बनली, ३,५७,८५९ नंबरपर्यंत. मग कारखान्याने हे मॉडेल बंद केलं. १९५६ मध्ये पुन्हा सुरू केलं तेव्हा नंबर नव्याने धरले आणि शेवटी 'एसए' अक्षरं लावली. तिसरी पिढी १९७६ पासून. आपल्याकडे 'आजोबांचं' म्हणून आलेल्या नगावर एसए दिसलं, तर आजोबांची जन्मतारीख विचारा.

पहिल्या पिढीतही एक मोठी फाळणी आहे. चकरीचा दांडा अडकवणारा पेच सांगाड्याच्या पुढच्या तोंडावर असेल, तर ते काळ्या दारूच्या काळातलं. दांडा आडव्या स्प्रिंगच्या खिटीने अडकत असेल तर नंतरचं. १८९६ च्या सुमारास हा बदल पूर्ण झाला. कंपनीने धूरविरहित दारूची हमी दिली ती त्याच्याही नंतर, साधारण १९०० पासून, १,९२,००० च्या पुढच्या नगांना. त्याआधीच्या सांगाड्यात आजच्या जोराचं काडतूस घालणं म्हणजे मातीच्या मडक्यात सुतळी बॉम्ब. संग्राहक मात्र त्या जुन्यांनाच जास्त पैसे मोजतात.

बोअरवरून अजून एक धोका सांगून ठेवतो. कोल्ट .४५ मध्ये निघालं, पण पुढे .४४-४०, .३८-४०, .३२-२० अशा बऱ्याच बोअरमध्ये बनलं, इंग्लंडच्या गिऱ्हाइकांसाठी .४५० आणि .४७६ मध्येही. आपल्या आयुध निर्माणीचं .३२ चं काडतूस .३२-२० च्या चकरीत सैल जाऊन बसतं. नावात बत्तीस आहे म्हणून ते त्याचं होत नाही. .३२-२० चं भोक रुंद असतं, कवच त्यात फाटतं. हे मी ऐकून सांगत नाही, फाटलेलं कवच माझ्या टेबलावर आलेलं आहे. सुदैवाने बोटं आली नव्हती.

नळी चकरीच्या तोंडापासून टोकापर्यंत मोजायची. कारखान्याची नेहमीची मापं तीन. पावणेपाच, साडेपाच आणि साडेसात इंच, म्हणजे अंदाजे १२, १४ आणि १९ सेंटिमीटर. पट्टीवर सोळा-साडेसोळा आलं, तर कुणीतरी करवत मारलेली. टोकाची मासोळी (समोरचा नेम) पितळेने डाग देऊन बसवलेली दिसली की खात्री होतेच.

घासलेलं कसं ओळखायचं, यावर मला अधिकाराने बोलता येतं. पेचाच्या भोकाभोवती बघा. कारखान्याच्या भोकाची कड धारदार आणि सपाट असते. बफ मारला की भोकाभोवती बशीसारखा खोलगट भाग होतो. सांगाड्याच्या कडा साबणाच्या वापरलेल्या वडीसारख्या गोल होतात. डाव्या बाजूच्या पेटंटच्या तारखा, १८७१, १८७२ आणि १८७५ च्या, काही ठिकाणी खोल आणि काही ठिकाणी पुसट झालेल्या असतात. कोल्टचं उडत्या घोड्याचं चिन्ह असेल तर त्या घोड्याचे पाय गायब होतात. आणि सगळ्यात मोठी खूण, गंजाच्या खड्ड्यांच्या आत निळा रंग. खड्डा आधी पडला की रंग आधी लागला, एवढं स्वतःला विचारलं की पुरे. मूळ नगाचा सांगाडा सहसा निळा नसतो. हाडं आणि कोळशात तापवून पाण्यात विझवल्यावर त्यावर निळा-पिवळा-तपकिरी असा तेलाच्या तवंगासारखा रंग उमटतो. तो वापराने आणि उन्हाने उडतो आणि खाली मऊ करडी छटा राहते. हीच करडी छटा लोकांना घाण वाटते. मलाही वाटली होती. निकेल केलेला नग असेल तर पेच बघा, कारखान्यातून आलेल्या निकेलच्या नगाचे पेच सहसा निळे असतात. पेचांसकट सगळं पांढरं झगझगीत असेल, तर ते कुठल्या तरी भांड्याच्या कारखान्यात बुडवून आणलंय.

गंज कुठल्या बाजूला आहे तेही बघा. एकाच कुशीवर, कातड्याच्या आकाराचा डाग असेल तर हत्यार वर्षानुवर्षं चामड्याच्या पाकिटात राहिलंय. कमावलेलं कातडं आपल्याकडच्या चार महिन्यांच्या दमटपणात पाणी धरून ठेवतं. घेतल्यावर पहिलं काम, पाकिटातून बाहेर काढा आणि सुती कापडात ठेवा.

आणि तेल. इथे मला मराठवाड्यावर थोडं रागवायचंय. घरची करडई असते, घाण्याचं तेल असतं, मग आजी दर दसऱ्याला तेच पुसून ठेवते. करडईचं तेल हवेत वाळतं आणि वार्निशसारखं घट्ट बसतं. लोह्याकडून एक नग आला होता, घोडा हलेना, चकरी फिरेना, मालक म्हणाला आतून गंजून एकजीव झालंय, भंगारात द्यायचं. मी लाकडी मूठ काढून ठेवली आणि रॉकेलच्या थाळीत चार दिवस बुडवून ठेवलं. पाचव्या दिवशी बुडाशी मधासारखा थर जमला होता आणि चकरी बोटाने फिरली. आत गंजाचा ठिपका नव्हता. चाळीस वर्षांच्या करडईने बाहेरून गच्च धरलं होतं आणि आतून वाचवलंही होतं. त्या नगावर मी ना कागद घासला ना कापड. म्हणून त्याला पुढे जे पैसे आले, ते कोणत्याही पॉलिशला आले नसते. तुम्ही शिवणयंत्राचं तेल वापरा, दोन थेंब, आणि कोरड्या कापडाने पुसून टाका.

नक्कल

ठसे भिंगाखाली बघा. अंडाकृती चौकटीत ई-एल-जी आणि खाली तारा असेल तर ते बेल्जियमच्या लिएजमध्ये तपासलेलं. चौकटीवर मुकुट असेल तर १८९३ नंतरचं. लिएजवाल्यांनी कोल्टच्या नकला भरपूर काढल्या. स्पेनच्या एबारमध्ये स्मिथ अँड वेसनच्या निघाल्या. या नकलाही जुन्याच, त्यांना आपापली किंमत आहे, फक्त कोल्टची किंमत देऊ नका. खैबरकडच्या कारागिरांच्या हातची नक्कल ओळखायला सोपी, तिच्यावर इंग्रजी अक्षरं उलटी नाहीतर चुकीची असतात, कारण खोदणाऱ्याने ती अक्षरं म्हणून वाचलेली नसतात, चित्र म्हणून काढलेली असतात. इटलीतल्या नव्या प्रतिकृतींवर इटलीचेच ठसे असतात, कधी कानशीने उडवलेले. ठसा असायला हवा तिथे सपाट चकचकीत जागा दिसली की हात मागे घ्या. गावठी कट्ट्यावर बोलतच नाही, तो पोलिसांचा विषय आहे.

लंडनहून आलेल्या नगावर मुकुटाखाली 'व्ही' आणि मुकुटाखाली 'जीपी' असे लंडनच्या तपासणी घराचे ठसे असतात. वरच्या पट्टीवर कलकत्त्याच्या मँटन किंवा रॉडा कंपनीचं नाव सापडलं तर पुसट असलं तरी जपा, आपल्याकडच्या नगाला त्याने वजन येतं. रॉडा म्हणजे तीच कंपनी, जिची माउझर पिस्तुलं ऑगस्ट १९१४ मध्ये बंगालच्या क्रांतिकारकांनी दिवसाढवळ्या पळवली होती.

शंका उरलीच तर कोल्ट कंपनीच्या संग्रहातून नंबर कळवून पैसे भरून पत्र मागवता येतं. त्यात नग कधी, कुठे, कोणत्या बोअरमध्ये, किती लांब नळीसकट पाठवला हे येतं. एवढंच ध्यानात ठेवा की पत्र नंबरचं असतं. नंबर दुसऱ्या सांगाड्यावर ठोकलेला असेल, तर पत्र खरं आणि नग खोटा.

किंमत

आता तुम्ही ज्यासाठी इथवर वाचलं ते. परदेशी लिलावातला डॉलरचा आकडा रुपयांत करून माझ्याकडे येऊ नका. १०० वर्षांपेक्षा जुनी पुरातन वस्तू १९७२ च्या कायद्याने खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे तुमचं गिऱ्हाईक इथलंच, आणि तेही परवान्यात जागा रिकामी असलेलं. अशी माणसं किती, त्यातली जुन्याची कदर असलेली किती, आणि त्यातली तुमचा बोअर घेऊ शकणारी किती, अशी चाळण लावत जा.

इथला बाजार गमतीशीर आहे. १९८० च्या दशकात विलायती हत्यारांची आयात बंद झाली, तेव्हापासून इथे आधीच असलेल्या विलायती नगांचा भाव चढत गेला. पण तो चढला .३२ च्या वेबलीचा, कारण त्याचं काडतूस मिळतं आणि कमरेला लावता येतं. शंभर वर्षांचं .४५० चं कोल्ट, ज्याचं काडतूस कुठेच नाही, ते बऱ्याचदा त्याच्याहून कमी पैशात सुटतं. विकणाऱ्याला वाईट वाटतं, घेणाऱ्याची ती संधी. म्हणून मी घेणाऱ्याला सांगतो, चालवायला घेत असाल तर हा नाद सोडा.

माझा हिशोब असा. जवळपासच्या दोन विक्रेत्यांकडे त्याच काळातलं विलायती हत्यार कितीला गेलं ते विचारायचं, बोललेला भाव नाही, नोंदवहीत चढलेला. तिथून सुरुवात. तिन्ही नंबर जुळत असतील, घासलेलं नसेल, अक्षरं वाचता येत असतील तर वर. जुना परवाना किंवा विक्रेत्याचं बिल असेल तर अजून वर. नळी कापलेली, पेचांची डोकी चुकीच्या पेचकसाने फाटलेली, एक नंबर वेगळा असेल तर दर खोटीला खाली. आणि बफ मारून नवं ब्ल्यूइंग केलेलं असेल तर थेट निम्मं, कधी त्याहूनही कमी. हस्तिदंती मूठ असेल तर ती भावात धरू नका. हस्तिदंताचा व्यापारच वन्यजीव कायद्याने बंद आहे, आधी वन विभागाचा कागद. मोडकी रबराची मूठ मात्र ठेवा. १८८२ पासून कोल्टवर कडक रबराच्या मुठी येऊ लागल्या, ती तुटली म्हणून गावच्या सुताराकडून शिसमाची करून घेतात आणि जुनी फेकतात. फेकलेली मूठ परत मिळत नाही.

निवडणुकीच्या काळात हत्यार ठाण्यात जमा करायच्या आधी चारही बाजूंनी फोटो काढा, नंबरचा जवळून, आणि पावतीवर 'जुने वापरते' याऐवजी आहे ती अवस्था लिहून घ्या. एका ठाण्यातून एक नग ओल्या गोणपाटासकट परत आला होता. तक्रार करायला मालकाकडे आधीचा फोटो नव्हता.

२०१९ च्या शेवटी कायदा बदलला, एका माणसाला तीनाऐवजी दोनच शस्त्रं. जादा असलेलं वर्षभरात जमा करायचं. त्या वर्षी माझ्याकडे बरेच लोक कोणतं ठेवू आणि कोणतं सोडू हे विचारायला आले. त्यात कंधारचा एक तिशीतला पोरगा होता. घरात बारा बोअर, .३१५ ची रायफल आणि आजोबांचं कोल्ट. त्याने फडकं सोडलं आणि मी पेचांची डोकी बघूनच ओळखलं. बत्तीस वर्षांत निळा रंग कडांवर उडाला होता आणि खाली पुन्हा करडं दिसू लागलं होतं.

मी त्याला भिंग दिलं आणि नळीवर काय वाचता येतंय ते विचारलं. "ऑल," तो म्हणाला. मग मी त्याला सांगितलं, ते कुणी पुसलं. तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला. "आणि आबांनी पैसे दिले होते का त्याचे?" म्हटलं, पन्नास रुपये बक्षीस. तो हसला. "आबा मरेपर्यंत सांगायचे, नांदेडच्या मिस्त्रीने काय चमकवलं म्हणून."

त्याने रायफल जमा केली. कोल्ट ठेवलं. जाताना रबराच्या मुठीवरचा उडालेला टवका दाखवून म्हणाला, "हे तरी नवीन बसवून देता का?" तो टवका माझ्या आधीचा होता. म्हटलं, राहू दे.